सिलिंडर दारापर्यंत कसा येतो?

डोंगरावरच्या गावात पहिल्यांदा फोन लावला, की मी एकच प्रश्न विचारते. "तुमच्याकडे गॅसचा सिलिंडर दारापर्यंत कसा येतो?" पलीकडचा माणूस "आम्हाला दुसरं कनेक्शन नको" म्हणून फोन ठेवून देतो. मी पुन्हा लावते. या धंद्यात लाज धरून चालत नाही.

धंदा काय ते आधी सांगायला हवं, कारण तो माझ्या सख्ख्या बहिणीलाही अजून कळलेला नाही. ती लोकांना सांगते, "आमची अक्का म्हाताऱ्यांना देवाला नेते." मी देवाला कुणाला नेत नाही, देवांना पायऱ्यांची फार हौस. मी मूळची निपाणीची. लग्न होऊन बंगळूरला बसवनगुडीत आले आणि फिजिओथेरपीच्या नोकरीत लोकांचे पाय हलवण्यात जन्म काढला. निवृत्त झाल्यावर, ज्यांना चालता येत नाही किंवा थोडंच येतं, अशा माणसांना डोंगरावरच्या गावांत फिरवून आणायला लागले. डोंगरच का? कारण ज्याला चालता येत नाही त्याला जो तो बागेत नेऊन बसवतो. बागेत बसून बसून ती माणसं झाडांनाही कंटाळलेली असतात.

गाडी आमचे हे चालवतात. यशवंतराव आयुष्यभर बसवर ड्रायव्हर होते. व्हॅनला मागून खुर्ची चढवायची लोखंडी फळी आहे. ती गेटं बनवणाऱ्या एका कारागिराकडून करून घेतली, म्हणून तिच्यावर सवयीनं काढलेली दोन कमळंही आहेत.

आता सिलिंडरचं. "तुमच्याकडे पायऱ्या आहेत का?" असं विचारलं, तर जगातला कुठलाही धडधाकट माणूस "नाहीत" म्हणतो. नंदीच्या डोंगराच्या बाजूच्या एका गृहस्थांनी मला सांगितलं, "येनू इल्ला अक्का, स्वल्प अष्टे." म्हणजे काही नाही, थोडंसंच आहे. ते थोडंसं म्हणजे खडकात खोदलेला अख्खा जिना निघाला. गृहस्थ खोटं बोलत नव्हते. रोज चढणाऱ्याला पायरी दिसतच नाही. पण सिलिंडर सगळ्यांना आठवतो, कारण त्याच्यावरून घरोघरी भांडणं झालेली असतात. तो खांद्यावरून येत असेल तर वाटेत पायऱ्या आहेत. जमिनीवरून गडगडत येत असेल तर वाट सलग आहे आणि चाकाची खुर्ची जाईल. माझी ही परीक्षा कधी चुकली नव्हती, आणि मी ती ज्याला त्याला ऐकवत असे.

गिऱ्हाइकं एकेक नग. एक निवृत्त इंजिनिअर होते. खुर्चीची गरज त्यांना, पण लोकांसमोर बसायची लाज. मग ते रिकामी खुर्ची स्वतः ढकलत चालायचे आणि भेटेल त्याला सांगायचे, "बायकोसाठी आणलीय." बायको बिचारी पुढे टणाटण चालत असायची. रस्ता वळला आणि माणसं दिसेनाशी झाली, की साहेब पटकन खुर्चीत बसायचे आणि बाई त्यांना ढकलायच्या. पुन्हा माणसं दिसली की अदलाबदल. मी त्यांना एकदा म्हटलं, "साहेब, एवढी उठबस माझ्या कुठल्याच व्यायामात नव्हती." त्या वर्षी त्यांचे गुडघे खरंच सुधारले.

काही जणांना मी अजूनही नाही म्हणते. वाट नसेल तर नाहीच. ते नाही म्हणणं मला फार लागतं, आणि मग दोन दिवस यशवंतरावांना उगाच बोलणी बसतात.

ऋचाला मात्र नाही म्हणता आलं नाही. ही पुण्याची मुलगी, इथंच बंगळूरला कोरमंगलात राहून संगणकाची नोकरी करणारी. लहानपणी अपघात झाला, तेव्हापासून कमरेखाली हालचाल नाही. हात मात्र असे, की तिची खुर्ची फुटपाथवरून चालली की पायी चालणारे बाजूला होतात. ती घरी आली आणि चहाच्या आधीच तिनं अट सांगितली.

"अक्का, मला उचलायचं नाही. कुणीही. काहीही झालं तरी."

का, ते मी विचारलं नाही, तिनंच सांगितलं. "कझिनच्या लग्नात चार जणांनी मला चेअरसकट स्टेजवर उचललं. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी काय केलं होतं, अक्का? नुसती सामानासारखी वर गेले होते."

मग तिनं कामाचं सांगितलं. निखिल नावाच्या मुलाशी तिचं जमलं होतं. निखिलचे वडील विनायकराव बंगळूरलाच जे. पी. नगरला राहतात, मूळ गाव बेळगावपलीकडे खानापूरच्या डोंगरात. गावाचं खरं नाव सांगितलं तर ते लोक मला पुन्हा वर येऊ देणार नाहीत, म्हणून आपण त्याला वरची वाडी म्हणू. विनायकरावांनी लग्नाला नाही म्हटलं नव्हतं. तसे ते फार सभ्य. ते एवढंच म्हणाले होते, "बाळ, आमच्यात होणाऱ्या सुनेनं मूळ घरी जाऊन चुलीला हळद-कुंकू लावायचं आणि घरातल्या थोरल्या बाईनं तिची ओटी भरायची, त्याशिवाय साखरपुडा होत नाही. आई आहे डोंगरावर. तिला खाली आणता येत नाही, तुला वर नेता येत नाही. आता तूच सांग, काय करायचं?" आणि डोळे पुसले होते म्हणे.

नाचायचं नसलं की अंगण वाकडं असतं, इथं तर अख्खा डोंगरच हाताशी होता. यशवंतराव स्वयंपाकघरातून ओरडले, "किती चढ आहे विचार!" म्हणजे त्यांचं ठरलंसुद्धा होतं.

"निखिल नेत नाही का तुला?" मी विचारलं.

"तो पाठीवर घेऊन जायला तयार आहे. मी पाठीवर बसून सासरी जाणार नाही. आणि तो सोबत असला ना, की सगळे त्याच्याशीच बोलतात. 'ही चहा घेते का?' असं त्याला विचारतात. मला स्वतः बोलायचंय आजींशी. आजी नको म्हणाल्या तर मी निखिलला पण सोडेन, पण ते त्यांच्या तोंडून ऐकेन. डोंगराच्या तोंडून नाही."

मला ती तिथंच आवडली.

निखिलनं आजींच्या शेजारच्या पुंडलिकचा नंबर दिला. मी नेहमीचा प्रश्न विचारला. पुंडलिक म्हणाला, "गडगडतच येतोय की ओ बाई, थेट दारात. एक पायरी न्हाई वाटंत." मी खूश. घराच्या जोत्याला तेवढ्या दोन पायऱ्या आहेत म्हणाला, त्यांना आपली कमळांची फळी होतीच. विनायकरावांना कुणी काही सांगायचं नाही असं ठरलं आणि आम्ही निघालो. धारवाडला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगर चढायला लागलो.

रस्ता वर रवळनाथाच्या देवळापाशी संपला. देवळापुढे छान सपाट पटांगण. मी उतरून घर शोधायला लागले, तर पुंडलिकनं खाली बोट दाखवलं. अगदी खाली. उताराच्या तळाशी कौलारू घर, आणि देवळापासून तिथपर्यंत तांबड्या मातीची सरळसोट घसरण.

"सिलिंडर गडगडत येतो म्हणालास ना रे?"

"येतोय की. हितनं सोडतो दोर बांधून, खाली भाऊ धरतोय."

पायरी एकही नव्हती, त्याचं सगळं बोलणं खरं होतं. इतकी वर्षं ज्या परीक्षेच्या मी बढाया मारल्या, तिच्यात मी कधी हे विचारलंच नव्हतं, की सिलिंडर कुठून कुठे गडगडतो. यशवंतराव माझ्याकडे बघत होते. काही बोलले नाहीत. संसारात अशा वेळी न बोलणारा माणूस जास्त बोलत असतो.

मी ऋचाकडे वळले. म्हटलं, आता ही परत फिरा म्हणेल, आणि विनायकराव जिंकतील. ती खुर्ची उताराच्या टोकापर्यंत घेऊन गेली, खाली बघितलं आणि हसायला लागली.

"अक्का, सिलिंडर जातो ना? मग मला पण दोर बांधा. हे उचलणं नाही. चाकं जमिनीवरच राहतील."

"अगं, सुटलीस तर?"

"भरलेला सिलिंडर आजवर सुटलाय का?" तिनं पुंडलिकला विचारलं.

"एकदा सुटलाय," पुंडलिक प्रामाणिकपणे म्हणाला. "खरं तेव्हा दोर जुना हुता."

लाकडं ओढायचा नवा, मनगटाएवढा जाड दोर आला. मी ऋचाला छातीशी आणि मांड्यांवर पट्टे बांधले. यशवंतरावांनी दोर खुर्चीच्या मागच्या सांगाड्याला बांधून कडेच्या फणसाच्या बुंध्याला वेढा दिला, म्हणजे ओढ झाडावर आली. दोर धरायला पाच-सहा जण जमले. पण झाडामागून त्यांना खुर्ची दिसेना, आणि प्रत्येक जण आपल्या मतानं ओरडायला लागला. तेव्हा यशवंतरावांच्या अंगातला बसड्रायव्हर जागा झाला. "गप्प बसा सगळे! बसचा नियम. एक घंटी म्हणजे थांबा, दोन घंट्या म्हणजे जाऊ द्या." घंटा देवळातली. ती वाजवायला पुंडलिकची बायको उभी राहिली, कारण तिथून उतार पुरता दिसत होता.

दोन टोले पडले. खुर्ची उतरायला लागली. मी बाजूनं बसत, घसरत, झुडपं धरत चाललेले. ऋचा तोंड पुढे करून, दोन्ही हात चाकांवर, दगड चुकवत. मध्येच ती ओरडे, "स्टॉप!" की टण्ण, एक टोला. माझ्या पदराला काटे लागलेले, ती माझी वाट बघे. मग टण्ण टण्ण. अर्ध्या वाटेवर रवळनाथाला मी काय काय बोलून बसले ते इथं सांगत नाही. ऋचा मात्र गाणं गुणगुणत होती.

आजी दारात आलेल्या होत्या, काठी टेकून. आरतीची वेळ नसताना घंटा कोण बडवतंय म्हणून बघायला आल्या, तर देवळाकडून खुर्चीत बसलेली पोरगी उतरत होती. सत्तरी केव्हाच ओलांडलेली बाई, पाठ वाकलेली, नजर मात्र चुलीतल्या निखाऱ्यासारखी. खुर्ची थांबली तशी त्यांनी सवयीनं मला विचारलं, "कोण ही?"

"आजी, मला विचारा," ऋचा म्हणाली. "मी ऋचा. निखिलशी लग्न करायचंय मला. निखिलचे बाबा म्हणाले, तुम्हाला खाली आणता येत नाही आणि मला वर नेता येत नाही, म्हणून ओटी भरता येत नाही. मी आलेय. तुम्हाला मी सून म्हणून नको असेन तर तसं सांगा, मी ऐकून घेईन."

आजी पाठ फिरवून दाराकडे वळल्या. मला वाटलं, संपलं. मग त्या ओट्याच्या कडेला हळूहळू टेकल्या.

"मला विन्या सांगतोय, मुलीकडचे थोरल्या बाईला आणा म्हणून हटून बसलेत. तुझ्या गुडघ्यांनी लगीन अडलंय आई, म्हणतोय. चार महिने झाले, बाय. रोज ह्या गुडघ्यांना शिव्या देतेय मी. नातवाच्या सुखात माती कालवली म्हणून मरण मागतेय." आणि त्यांनी ऋचाचा हात धरला. "तुला चालता येत न्हाई, हे मला त्यानं सांगितलंसुद्धा न्हाई."

दोन्ही बायकांना एकमेकींच्या नावानं गप्प बसवलं होतं. मला इतका संताप आला, की विनायकराव समोर असते तर मी त्यांना पहिल्यांदा दोर न बांधता सोडलं असतं. ऋचा रडली. आजी रडल्या. पुंडलिक वरून ओरडत होता, "पोचला काय ओ?" तेव्हा मला माझं रडू आवरतं घ्यावं लागलं.

दोघांनी गाडीतून खाली आणलेली फळी जोत्याच्या दोन पायऱ्यांना लावली. आत आणखी गंमत. गॅस ओट्यावर, पण हळद-कुंकवाची खरी चूल जमिनीवर. ऋचा खुर्चीतून आपली आपण खाली उतरली आणि हातांवर सरकत चुलीपाशी गेली. तिनं हळद-कुंकू लावलं. आता ओटी भरायची, तर आजींना खाली बसता येईना आणि ऋचाला वर चढायला वेळ लागणार. शेवटी आजी स्टुलावर बसून वाकल्या, ऋचानं ओढणी पसरून वर धरली. तांदूळ निम्मे ओटीत, निम्मे चुलीपुढे. नारळ तेवढा नेम धरून टाकला आजींनी. दोघी हसत होत्या. इतकी वेडीवाकडी आणि इतकी मनापासून भरलेली ओटी मी दुसरी पाहिलेली नाही.

जेवायला बसलो. तांदळाची भाकरी आणि फणसाची भाजी खाऊन ऋचा बोटं चाटत होती. मध्येच थांबली.

"पुंडलिकदादा, रिकामा सिलिंडर वर कसा नेता हो?"

"खांद्यावरनं," पुंडलिक म्हणाला.

माझ्या परीक्षेतला हा दुसरा अर्धा भाग. ऋचानं माझ्याकडे पाहिलं. तिची अट अजून तीच होती, ते मला विचारायची गरज नव्हती.

"दोर आहे, गाडी आहे," यशवंतराव भाकरीचा शेवटचा तुकडा मोडत म्हणाले. "पटांगण लांब आहे. दोर पुढून बांधतो, पहिल्या गिअरमध्ये गाडी सरळ नेतो. कडेला दोर घासू नये म्हणून पोती टाका. मागून दोघं लाकडी ठोकळे घेऊन चाला, खुर्ची थांबली की चाकाखाली सरकवायचे. घंटीचा नियम तोच." सकाळपासून न बोललेलं सगळं त्यांनी त्या एका योजनेत बोलून घेतलं आणि माझ्याकडे बघून मिशीत हसले. मी भाजी वाढायला उठले.

टण्ण टण्ण करत ऋचा वर पोचली. मी खाली आजींपाशी थांबले होते. वरून ऋचानं हात हलवला. आजींनीही काठी उंचावून हलवली. मग म्हणाल्या, "ती खुर्ची परत खाली सोडा म्हणावं."

"कशाला आजी?"

"माझ्यासाठी. लुगडं बदलून येते."

मी थोडे आढेवेढे घेतले. वय, प्रवास, मुलाला न विचारता. आजी म्हणाल्या, "विचारलं की न्हाई म्हणतोय, म्हणून तर न विचारता." ऋचा वर देवळापुढे सतरंजीवर बसून राहिली आणि रिकामी खुर्ची खाली आली. आजींनी पदर खोचला, बोचकं मांडीवर घेतलं, मी बांधलेले पट्टे ओढून तपासले आणि देवळाकडे तोंड करून खणखणीत आवाजात ओरडल्या, "मार गं घंटी!"

वर पोचल्यावर त्या देवळासमोर थांबल्या. रवळनाथाची घंटा त्यांना रोज सकाळ-संध्याकाळ ऐकू यायची, पण गुडघे गेल्यापासून त्यांनी देऊळ डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. आम्ही सगळे हात जोडून उभे. आजींनी वरपासून खालपर्यंत नीट बघितलं आणि म्हणाल्या, "हा पोपटी रंग कुणी दिला मेल्यानं?" आणि मग डोळ्यांना पदर लावला.

परतीच्या वाटेवर आजी यशवंतरावांशेजारी पुढे बसल्या होत्या. धारवाडला त्यांनी दोन मसाले डोसे खाल्ले आणि खोलीत ऋचाकडून खुर्ची चालवायला शिकून घेतली. भिंतीला दोन ठिकाणी पोपडे पडले, ते आम्ही खाट सरकवून झाकले. फोन कुणालाही केला नाही. निखिलला तेवढा ऋचानं एका ओळीचा निरोप पाठवला, की संध्याकाळी घरी थांब.

जे. पी. नगरच्या त्या इमारतीला लिफ्ट आहे, पायरी नावालाही नाही. दारापाशी पुढे आजी काठी टेकून उभ्या, शेजारी ऋचा खुर्चीत. आम्ही दोघं मागे. बेल ऋचानं दाबली. दार विनायकरावांनी उघडलं. आधी त्यांनी ऋचाला पाहिलं, मग आईला. मागून निखिल येऊन थबकला.

"आई? तू? अगं, तुला तर आणता येत..." त्यांचं वाक्य तिथंच राहिलं.

"मला आणता येत न्हवतं, हिला नेता येत न्हवतं," आजी म्हणाल्या. "तिची ओटी भरून आलेय मी. आता आम्हाला आत घेतोस, का हितंबी चढ हाय?"

विनायकराव दारातून बाजूला झाले, आणि ऋचाची खुर्ची आत घ्यायला त्यांनी हात पुढे केला. मग, तिचे हात आधीच चाकांवर आहेत हे बघून, तो तसाच मागे घेतला, आणि वाटेतली चपलांची मांडणी सरकवायला स्वतः खाली वाकले.